चित्रपुस्तकांची पारख

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• चित्रपुस्तक आणि चित्रे असलेले गोष्टीचे पुस्तक यांतील फरक सांगता येईल;
• पुस्तकमालेची लोकप्रियता आणि तिची गुणवत्ता यांतील भेद स्पष्ट करता येईल;
• चित्र, भाषा, आशय व बांधणी या कसोट्यांवर बालपुस्तक पारखता येईल;
• एखाद्या बालपुस्तकाविषयी टिपण लिहिता येईल.

प्रस्तावना

लहान वाचनालयाच्या बालविभागासाठी मिळणारी रक्कम बहुधा तुटपुंजी असते. त्यामुळे एक सुमार पुस्तक विकत घेतले, की एक चांगले पुस्तक कपाटाबाहेर राहते. ज्या घरात पुस्तके नाहीत, त्या घरातील मुलाला आयुष्यातील पहिले पुस्तक वाचनालयातच भेटते. बडोदे, इंदूर किंवा हैदराबाद येथे वाढणाऱ्या मराठी मुलाच्या बाबतीत तर घराबाहेर मराठी भेटण्याची ती एक मोजकी जागा असते. म्हणून बालविभागासाठी पुस्तके निवडणे हे जबाबदारीचे काम ठरते. ही निवड कशी करावी, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

मूळ पाठ

१. शब्द आणि चित्र यांची जोडी

गोष्टीच्या पुस्तकातून चित्रे काढून टाकली तरी गोष्ट उरते. चित्रपुस्तकाचे तसे नसते. समजा, एका पानावर एवढेच लिहिले आहे, की दुपारी आजी शांत झोपली होती. चित्रात मात्र चवड्यांवर उभा राहून लाडवांच्या डब्याकडे हात नेणारा नातू दिसतो. शब्द त्याच्याविषयी काहीच सांगत नाहीत. वाचून दाखवणाऱ्याचे लक्ष अक्षरांवर असते. ऐकणाऱ्या मुलाला मात्र चित्रातली ही बातमी आधी कळते. अक्षरओळख होण्यापूर्वीच त्याचे वाचन येथे सुरू झालेले असते.

चित्रपुस्तके साधारणतः १६, २४ किंवा ३२ पानांची असतात. मोठा कागद छापून त्याच्या घड्या घातल्या जात असल्याने पानांची संख्या अशी ठरते. एवढ्या थोड्या जागेत गोष्ट सांगायची असल्याने पान कोठे उलटावे लागते, यालाही महत्त्व येते. पुढे काय होणार, ही उत्सुकता पानाच्या शेवटी जागी झाली पाहिजे.

२. मालिका का आवडतात?

मुलांना ओळखीचे पात्र पुन्हा पुन्हा भेटलेले आवडते. गोष्ट नवी आणि माणूस जुना, या मेळामुळे त्यांना धीर येतो. ब्रिटिश लेखिका बिअट्रिक्स पॉटर यांचे पीटर या सशाचे पुस्तक १९०२ मध्ये प्रकाशित झाले आणि पुढे त्या आकाराच्या छोट्या पुस्तकांची मालाच तयार झाली. लहान मुलाच्या हातात मावेल असा आकार त्यांनी आग्रहाने ठेवला होता. मराठीत माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ या मालिकेतून राधाच्या घरातील माणसे एकेक करून भेटतात. या पुस्तकांतील शब्द आणि चित्रे दोन्ही त्यांचीच आहेत. राष्ट्रीय पुस्तक न्यासाच्या नेहरू बाल पुस्तकालय या मालेतील पुस्तके अनेक भारतीय भाषांत निघतात. २००४ मध्ये सुरू झालेल्या प्रथम बुक्स या संस्थेने आपल्या पुस्तकांची विभागणी वाचनाच्या चार पातळ्यांत केली आहे.

३. मालिकेचे नाव म्हणजे हमी नव्हे

एक पुस्तक आवडले, की संपूर्ण संच मागवण्याचा मोह होतो. तथापि मालिकेतील सर्व पुस्तके सारख्या योग्यतेची असतातच असे नाही. बाबार या हत्तीची गोष्ट फ्रेंच चित्रकार झाँ द ब्रुनॉफ यांनी १९३१ मध्ये लिहिली आणि ती जगभर पोहोचली. त्यांच्या निधनानंतर त्यांचे पुत्र लोराँ यांनी ही मालिका पुढे चालवली. त्यांपैकी १९४९ च्या एका सहलीच्या पुस्तकात आफ्रिकी लोकांची चित्रे विकृत पद्धतीने रेखाटली होती. अमेरिकेतील प्रकाशन संस्थेत तेव्हा संपादक असलेल्या टोनी मॉरिसन यांनी त्यावर आक्षेप घेतला. पुढे स्वतः लोराँ यांच्याच इच्छेनुसार ते पुस्तक मागे घेण्यात आले. मालिका नावाजलेली होती, हत्ती लाडका होता. तरीही ते पुस्तक सदोष होते. म्हणून संच न पारखता त्यातील एकेक पुस्तक पारखावे.

पाठगत प्रश्न – १
(अ) चित्रपुस्तकांच्या पानांची संख्या १६, २४ किंवा ३२ अशी का असते?
(आ) बाबार मालिकेतील एक पुस्तक मागे का घेण्यात आले?

४. चार कसोट्या

*चित्र* : प्रथम शब्द झाकून केवळ चित्रे पाहावीत. गोष्ट काही अंशी तरी कळते का, हे त्यावरून समजते. भडक रंग म्हणजे चांगले चित्र नव्हे. पात्राचे हावभाव पानागणिक बदलतात का आणि दुसऱ्यांदा पाहताना काही नवे सापडते का, हे पाहावे.

*भाषा* : पुस्तक मोठ्याने वाचावे. डोळ्यांना न जाणवलेली अडखळ जिभेला जाणवते. भाषांतरित पुस्तकाच्या बाबतीत ही कसोटी विशेष उपयोगी पडते. मूळ पुस्तकात ‘अंकल’ असेल, तर मराठीत तो काका, मामा की शेजारचा गृहस्थ, हे ठरवावेच लागते. भाषांतरकाराने ते ठरवले नसेल, तर वाक्य परके वाटते आणि मूल गोष्टीबाहेर राहते.

*आशय* : गोष्टीच्या अखेरीस बोध चिकटवलेला आहे का, हे तपासावे. मुलाने खोडी केली आणि त्याला लगेच शिक्षा झाली, एवढ्यावर संपणारी गोष्ट मूल सहसा पुन्हा मागत नाही. मालिकेतील घरे कोणाची आहेत, हेही पाहावे. प्रत्येक पुस्तकात आई स्वयंपाकघरात आणि बाबा वर्तमानपत्र घेऊन बसलेले असतील. सगळी मुले गोरी, सुखवस्तू आणि धडधाकट असतील. तर पुस्तक उघडणाऱ्या अनेक मुलांना त्यात स्वतःचे घर दिसणार नाही. पुस्तकांचे जग आपले नव्हे, असा समज याच वयात रुजू शकतो.

*बांधणी* : वाचनालयाचे पुस्तक अनेक हातांतून जाते. पिना मारलेले स्वस्त पुस्तक मधल्या पानांपासून सुटू लागते. ते पुन्हा बांधताना कडा कापल्या जातात आणि समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेले चित्र शिवणीत अडकते. अगदी लहान मुलांसाठी जाड पुठ्ठ्याची पाने आणि गोल कोपरे सोयीचे असतात. अक्षरे मोठी असावीत. गडद चित्रावर गडद अक्षरे छापलेली नसावीत.

५. मूल काय करते?

चारही कसोट्यांवर उतरलेले पुस्तक मुलांपुढे आले, की खरी परीक्षा सुरू होते. ते वाचून दाखवताना मूल चित्रावर बोट ठेवते का, पुढचे वाक्य स्वतःच म्हणते का, ‘पुन्हा वाच’ म्हणते का, याची नोंद ठेवावी. एका वाचनावरून निर्णय घेऊ नये.

येथे एक पेच निर्माण होतो. मुले एखादी सुमार मालिका वारंवार मागतात आणि उत्तम पुस्तक कपाटात तसेच राहते. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांत याचे उत्तर सापडते. वाचकाला हवा तो ग्रंथ मिळावा, तसाच ग्रंथालाही त्याचा वाचक मिळावा, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे मुलाची आवड नाकारता येत नाही आणि चांगले पुस्तक पडून राहू देणेही योग्य नव्हे. लाडक्या मालिकेच्या एक-दोन प्रती ठेवाव्यात, नव्या खरेदीत मात्र चांगल्या पुस्तकांना प्राधान्य द्यावे. ती पुस्तके मुखपृष्ठ समोर येईल अशी मांडावीत आणि मुख्य म्हणजे वाचून दाखवावीत. न उचललेले पुस्तक नावडते असतेच असे नाही. अनेकदा त्याची कोणी ओळखच करून दिलेली नसते.

ही ओळख करून देण्याचे काम केवळ ग्रंथपालाचे नाही. मोठेपणी अक्षरे शिकलेली आई संध्याकाळी मुलाला जवळ घेऊन चित्रपुस्तक उघडते, तेव्हा ती शब्द वाचते आणि मूल चित्र वाचते. ती एखाद्या जोडाक्षरापाशी थांबली, तर मूल चित्र पाहून तो शब्द सांगते. दोघे मिळून पान पूर्ण करतात. असे वाचन ज्या पुस्तकामुळे घडते, ते वाचनालयाने जरूर विकत घ्यावे.

पाठगत प्रश्न – २
(अ) भाषांतरित पुस्तक मोठ्याने का वाचून पाहावे?
(आ) चांगले पुस्तक कपाटात पडून राहिल्यास काय करावे?

शब्दार्थ
तुटपुंजी – अपुरी. सुमार – कमी दर्जाचे. कसोटी – परीक्षेचे साधन. सुखवस्तू – खाऊनपिऊन सुखी. पेच – अडचण. प्राधान्य – अग्रक्रम

तुम्ही काय शिकलात?
• चित्रपुस्तकात शब्द आणि चित्र मिळून गोष्ट सांगतात.
• मालिकेची लोकप्रियता मुलांची आवड दाखवते. प्रत्येक पुस्तकाच्या गुणवत्तेची हमी देत नाही.
• चित्र, भाषा, आशय, बांधणी आणि मुलाचा प्रतिसाद यांवरून पुस्तक पारखावे.

स्वाध्याय
१. ‘संच न पारखता एकेक पुस्तक पारखावे’ हे विधान पाठातील उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करा.
२. मुलांना आवडणारी सुमार मालिका वाचनालयात ठेवावी की नाही? तुमचे मत सकारण लिहा.
३. जवळच्या वाचनालयातील एक चित्रपुस्तक एखाद्या मुलाला दोन वेळा वाचून दाखवा. पाठातील कसोट्यांच्या आधारे त्याविषयी दहा ओळींचे टिपण लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे
१. (अ) मोठा कागद छापून त्याच्या घड्या घातल्या जातात म्हणून. (आ) त्यात आफ्रिकी लोकांची विकृत चित्रे होती म्हणून.
२. (अ) न जाणवलेली अडखळ आणि परकी वाक्ये लक्षात यावीत म्हणून. (आ) मुखपृष्ठ दिसेल असे मांडून ते मुलांना वाचून दाखवावे.