मक्याच्या आधी हिवाळ्यात काय पेरावे?



खरिपाची काढणी झाली की बेळगावच्या शिवारात दोन प्रकारची शेते दिसतात. येळ्ळूर, वडगाव, शहापूरकडे भातानंतर उरलेल्या ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा घेतात. काही शेते मात्र, विशेषतः माळाकडची, वळवापर्यंत उघडीच राहतात. जमीन विश्रांती घेते आहे, असे आपण म्हणतो. पण त्या काळात ऊन वरची ओल ओढून घेते, वारा बारीक माती उडवतो आणि वळवाचा पहिला जोरदार पाऊस सुटी माती ओढ्याला नेतो. पुढे जूनमध्ये तिथेच मका पेरला जातो. त्या मक्यासाठी आधी जमीन कशी तयार करावी, हे या पाठात आम्ही सांगत आहोत.

प्रथम हिशेब पाहू. संकरित मक्याला एकरी साधारण 40 ते 60 किलो नत्र द्यावे लागते. युरियात नत्र 46 टक्के असते आणि युरियाचे पोते 2018 पासून 45 किलोचे आहे. 45 × 46 ÷ 100 = 20.7 किलो. म्हणजे एकराला दोन ते तीन पोती झाली. हवेत 78 टक्के नत्र आहे, तरी मक्याला ते हवेतून घेता येत नाही.

ते काम द्विदल पिके करतात. हरभरा, मसूर, चवळी, ताग यांच्या मुळांवर लहान गाठी असतात. त्यांत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. झाड त्यांना साखर पुरवते आणि ते हवेतील नत्र झाडाला देतात. 1886 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेलरीगेल यांनी हा संबंध मांडला आणि 1888 मध्ये हॉलंडच्या बायरिंक यांनी हे जिवाणू वेगळे करून दाखवले. गाठ नखाने फोडून पाहा. आत गुलाबी असेल तर तिचे काम चालू आहे असे समजावे.

मग नुसते द्विदलच का पेरू नये? कारण गवताचे काम वेगळे आहे. ज्वारी, ओट, गहू आणि मकाही गवताच्याच कुळातले आहेत. त्यांची तंतुमुळे माती घट्ट धरतात आणि जमिनीत उरलेले नत्र वाहून जाण्याआधी शोषून घेतात. मात्र वाळलेल्या गवतात कर्ब फार, नत्र थोडे. हे प्रमाण साधारण 60 ते 80 ला 1 असते. असे गवत गाडले की ते कुजवणारे जिवाणू मातीतलेच नत्र वापरतात. पंगतीत ते आधी बसतात, मका मागे राहतो आणि रोपे पिवळी पडतात. कोवळ्या द्विदलात हेच प्रमाण साधारण 15 ते 20 ला 1 असते, म्हणून ते लवकर कुजते, पण लवकर संपतेही. दोन्ही एकत्र गाडली तर नत्र मक्याला बेताबेताने मिळते.

युरोप-अमेरिकेच्या थंड, ओलसर भागांत यासाठी रायग्रास हे गवत आणि क्लोव्हर हे तीन पानांचे द्विदल मिसळून पेरतात. आपल्या उत्तरेकडील बरसीम क्लोव्हरचाच भाऊ. ते इजिप्तहून आले. चाऱ्यासाठी त्यात ओट, म्हणजे हिंदीतली जई, मिसळतात. पण बरसीमला दर दहा-पंधरा दिवसांनी पाणी लागते. विहिरीला पाणी असेल त्यानेच ते करावे. कोरडवाहू शेतकऱ्याला आपली जुनी रीत बरी : शाळूत हरभऱ्याच्या ओळी. गवत आणि द्विदल यांचीच ही जोडी आहे.

आता खरा प्रश्न. ज्याची शेती एक-दोन एकर आहे, त्याने जनावराला द्यावे की मातीला? आमच्या मते दोघांना वाटून द्यावे. वरचा चारा गोठ्यात जावा, खालचा भाग व मुळे शेतात राहावीत आणि शेण पुन्हा शेतात यावे. हरभरा व मसूर आपण मुळासकट उपटतो. त्याऐवजी विळ्याने कापावे. अर्थात, दाणे भरले की बरेचसे नत्र दाण्यात जाते. म्हणून मुळांवर भिस्त ठेवून युरिया एकदम बंद करू नये. मातीला जास्त हवे असेल तर पीक फुलोऱ्यातच गाडावे. हिवाळ्यात ओल नसेल तर वळवाच्या पावसावर ताग पेरून चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी गाडता येतो. मात्र मग मक्याची पेरणी थोडी पुढे जाते.

विद्यार्थ्यांसाठी प्रयोग

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेच्या आवारात एक मीटर लांब-रुंद असे तीन वाफे करावेत. पहिला मोकळा ठेवावा, दुसऱ्यात फक्त ज्वारी आणि तिसऱ्यात ज्वारी व हरभरा पेरावा. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पीक कापून, बारीक करून त्याच वाफ्यात गाडावे. तीन आठवड्यांनी प्रत्येक वाफ्यात मक्याचे सारखेच दाणे टोकावेत आणि पाणीही सारखे द्यावे. दर शनिवारी रोपांची उंची व पानांचा रंग वहीत लिहावा. फरक फक्त आधीच्या पिकाचा असावा, तरच निष्कर्ष खरा ठरतो.

ज्या पालकांची शेती आहे त्यांनी मूठभर बियाणे पाठवावे आणि जमल्यास एखादा तास येऊन मुलांना विळा कसा धरावा हे शिकवावे. वाफ्यांसाठी जागा व पाणी यांची सोय विश्वस्त मंडळाने करावी, ही विनंती. मार्चअखेर तिन्ही वाफ्यांची मापे, ती अपेक्षेप्रमाणे आली नाहीत तरी, आम्ही याच पत्रिकेत छापू.