निर्वासिताचा झाला सैनिक

'निर्वासित' हा शब्द आपल्यासमोर बहुधा आकड्यांसह येतो. आकड्यांमागचा माणूस समजून घ्यायचा, तर मान्फ्रेड गान्स यांचे चरित्र पाहावे.

जर्मनीतील बोर्केन गावी १९२२ साली एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडिलांनी पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी लढताना पाय गमावला होता. हिटलरच्या राज्यात त्या त्यागालाही किंमत उरली नाही. १९३८ साली आईवडिलांनी मुलाला इंग्लंडला धाडले. पण १९४० साली ब्रिटिश सरकारने शत्रुदेशाचे नागरिक म्हणून त्यांनाच स्थानबद्ध केले.

पुढे त्याच सरकारला त्यांच्या भाषेची गरज भासली. १९४२ साली जर्मन बोलणाऱ्या निर्वासितांची एक कमांडो तुकडी उभी राहिली होती. पकडले गेल्यास खरी ओळख पटू नये म्हणून या सैनिकांनी इंग्रजी नावे घेतली. मान्फ्रेड 'फ्रेड ग्रे' झाले. ६ जून १९४४ रोजी ते नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले. पुढील लढायांत मातृभाषेत बोलून त्यांनी जर्मन सैनिकांना शरण आणले आणि तेवढा रक्तपात टाळला.

मे १९४५ मध्ये युद्ध संपताच ते जीप घेऊन निघाले, ते टेरेझिनच्या छळछावणीपर्यंत. तेथे आईवडील जिवंत भेटले! नंतर ते अमेरिकेत केमिकल इंजिनिअर झाले, बालमैत्रिणीशी विवाह करून संसारात रमले आणि २०१० साली निवर्तले.

संशयाने त्यांना कैदी केले. विश्वासाने सैनिक केले. निर्वासितांचा विचार करताना एवढे तरी ध्यानी ठेवावे.