डिकी भरण्याआधी डॅशबोर्ड वाचा

गेल्या मे महिन्यात गुहागरहून पुण्याला परत येत होतो. गाडीत आम्ही पाच जण. डिकीत आंब्याच्या तीन पेट्या, एक मोठा फणस, नारळाचं पोतं आणि कोकम सरबताच्या बाटल्या. कुंभार्ली घाट चढून पाटणच्या बाजूला आलो तोवर अंधार पडला होता. समोरून येणारी जवळजवळ प्रत्येक गाडी मला डिपर देत होती. मी अप्परवर नव्हतो, डॅशबोर्डवरचा निळा दिवा बंद होता. उंब्रजला चहाला थांबलो, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या ट्रकचा चालक म्हणाला, "मागं वजन झालंय, तुमची लाईट वर गेलीय. ते चाक फिरवा."

स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला ०, १, २, ३ असे आकडे असलेली छोटी चकती होती. सहा वर्षं ती गाडी चालवतोय, पण तिला कधी हात लावला नव्हता. ती ३ वर आणली आणि पुण्यापर्यंत एकानेही डिपर दिला नाही. खर्च शून्य. पण तोवरच्या प्रवासात समोरच्या किती चालकांच्या डोळ्यांवर माझा उजेड गेला असेल, हे आठवलं की अजून अस्वस्थ व्हायला होतं.

तेव्हापासून मी एक गोष्ट प्रत्येकाला सांगतो. डिकीतलं वजन वाढलं की ब्रेक, टायर, इंजिनाचं तापमान आणि दिव्यांचा रोख, सगळ्यांवर परिणाम होतो. त्यातलं बरंचसं डॅशबोर्डवर दिसतं किंवा तिथूनच दुरुस्त करता येतं. त्यामुळे सामान भरणं आणि डॅशबोर्ड समजून घेणं हे एकच काम आहे.

आधी रंग बघा, मग चिन्ह

लाल म्हणजे थांबा. पिवळा म्हणजे लवकर तपासून घ्या. हिरवा आणि निळा म्हणजे एखादी गोष्ट चालू आहे, एवढंच. चावी फिरवल्यावर बहुतेक दिवे काही सेकंद लागतात आणि विझतात. ती त्यांची स्वतःची चाचणी असते. एअरबॅगचा दिवा त्या वेळी लागलाच नाही, तर तोही बिघाडच समजा.

लाल दिव्यांपैकी तीन पाठच हवेत. तेलाच्या किटलीचं चिन्ह लागलं तर ऑइलचा दाब गेला आहे. गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करा. "पुढच्या गॅरेजपर्यंत नेऊ" म्हणून चालवलेल्या गाडीचं इंजिन जाम होऊ शकतं आणि ते काम लाखाच्या घरात जातं. दुसरा दिवा तापमानाचा. भरलेली गाडी घाट चढताना तो लागण्याची शक्यता जास्त. एसी बंद करा, हीटर पूर्ण सोडा, सुरक्षित जागी थांबा आणि गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडू नका. तिसरा ब्रेकचा. हँडब्रेक पूर्ण खाली असूनही तो विझत नसेल, तर ब्रेक ऑइल कमी झालं असण्याची शक्यता आहे. अशी गाडी पुढे नेऊ नका.

इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर असेल तर सावकाश चालवून गॅरेज गाठता येतं. तो उघडझाप करत असेल तर वेग कमी करून थांबा, कारण न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या वाटेवरच्या महागड्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लावतं.

किती वजन चालतं?

याचं उत्तर गाडीच्या पुस्तिकेत असतं. भरलेल्या गाडीच्या कमाल वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. समजा एकूण मर्यादा १,३५० किलो आणि रिकामी गाडी ९०० किलो. उरले ४५०. त्यात सरासरी ६५ किलोची पाच माणसं बसली की ३२५ गेले. सामानाला राहिले १२५ किलो. सामानाचं वजन घरीच काढता येतं. साध्या वजनकाट्यावर आधी एकटे उभे राहा, मग बॅग घेऊन. फरक म्हणजे बॅगेचं वजन.

सीएनजी गाडीत टाकीमुळे डिकीतली जागा आणि वजनाची मुभा दोन्ही कमी होतात. तिथे पेट्रोल मॉडेलचे आकडे धरू नका.

टायरच्या हवेचा आकडा चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर चिकटवलेला असतो. बऱ्याच गाड्यांत तिथे दोन आकडे असतात, एक नेहमीचा आणि एक पूर्ण भरलेल्या गाडीचा. निघण्याआधी, टायर थंड असताना, दुसरा आकडा वापरा. परत आल्यावर हवा पुन्हा नेहमीइतकी करायला विसरू नका.

सामान कसं रचावं?

जड वस्तू सगळ्यांत खाली आणि मागच्या सीटच्या पाठीला टेकवून. हलकं सामान वर, पण सीटच्या पाठीच्या उंचीपेक्षा वर काही नको, नाहीतर मागचं दिसत नाही. मागे कोणी बसलं नसेल तरी सीटबेल्ट लावून ठेवा. सामान पुढे आपटलं तर पाठीला आधार मिळतो.

मागच्या काचेखालच्या ट्रेवर काहीही मोकळं ठेवू नका. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी धडकून थांबली, तर तिथला नारळ त्याच वेगाने पुढे येतो. १४ मीटरवरून, म्हणजे चौथ्या मजल्याच्या खिडकीतून पडलेला नारळ ज्या जोराने आपटेल, तोच हा जोर. चालकाच्या पायाशी बाटली नको. ती घरंगळून ब्रेकच्या पेडलखाली अडकली तर पेडल दाबलंच जात नाही.

रिकाम्या सीटवर जड पिशवी ठेवली की बेल्टचा बीप वाजू शकतो. तो बंद करायला बाजारात मिळणारी नुसती क्लिप खोचू नका. पिशवी खाली ठेवा किंवा तिलाच बेल्ट लावा. या क्लिप धोकादायक असल्यामुळेच मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना त्या विक्रीतून काढायला लावल्या.

छतावर ठेवायचं असेल तर पुस्तिकेतली छताची मर्यादा बघा, आणि तिच्यात कॅरियरचं वजनही मोजा. वर जड सामान गेलं की गाडी वळणावर जास्त कलते.

खर्च किती?

हे अंदाजे दर आहेत. शहर आणि गाडीनुसार फरक पडेल.

- टायरमध्ये साधी हवा: शून्य. पेट्रोल पंपावर ती मोफत मिळणं हा ग्राहकाचा हक्क आहे.
- हवा मोजायचा गेज: ३०० ते ८०० रुपये.
- डिकीत लावायची जाळी: ३०० ते ७०० रुपये.
- सामान आवळून बांधायच्या रॅचेट पट्ट्यांची जोडी: ५०० ते १,००० रुपये.
- गाडीच्या सॉकेटवर चालणारा हवेचा पंप: १,५०० ते ३,००० रुपये.
- पिवळा दिवा लागल्यास स्कॅनरने तपासणी: ५०० ते १,००० रुपये. बिघाडाचा कोड लिहून घ्या, मगच सुटे भाग बदलायला होकार द्या.
- छतावरची बंद पेटी: २०,००० रुपयांच्या पुढे. वर्षातून एकदाच लागणार असेल तर विकत घेऊ नका.

गेज, जाळी आणि पट्टे या तिन्हींचा खर्च अडीच हजारांच्या आत बसतो आणि या वस्तू वर्षानुवर्षं पुरतात. सुरुवात इथून करा. आता दुसरी बाजू बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार मर्यादेपेक्षा जास्त वजन भरल्यास किंवा सामान परवानगीपेक्षा बाहेर आल्यास २०,००० रुपये दंड आहे. बेल्ट न लावल्यास १,००० रुपये, आणि बेल्टचा नियम मागच्या सीटलाही लागू आहे.

सामान भरून झालं की निघण्याआधी पाच मिनिटं काढा. हवा बघा, दिव्यांची चकती वजनाप्रमाणे फिरवा, सगळ्यांचे बेल्ट तपासा, लाल दिवे विझल्याची खात्री करा. तुमच्या गाडीत ती चकती नसेल, तर दिव्यांचा रोख आपोआप बदलतो का, हे पुस्तिकेत वाचा. पंपावर हवेचे पैसे मागितले किंवा गॅरेजने न केलेल्या कामाचं बिल लावलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करा. आणि पुस्तिका अजून प्लास्टिकच्या पिशवीत असेल, तर आज रात्रीच ती उघडा.