खिडकीपलीकडचा विवेक

जनतेशी थेट संबंध येणारा कर्मचारीच आपल्या रोजच्या निर्णयांतून धोरण घडवितो, असे अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ मायकेल लिप्स्की यांनी १९८० साली मांडले. त्याच वर्षी महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली.

तिच्या अर्जासाठी गेल्या वर्षी मी शेजारच्या विधवा काकूंना तहसील कचेरीत नेले. "मुलगा पैसे पाठवतो का?" कारकुनाने विचारले. चारचौघांत काकू "पाठवतो" म्हणाल्या. तेवढ्यावर अर्ज परत करता आला असता. रांग ओसरल्यावर त्याने बाजूला बसवून पुन्हा विचारले, तेव्हा त्या रडल्या. त्याने तलाठ्याकडून चौकशीचा शेरा लिहिला.

नियमाला उत्पन्न मोजता येते, आईची लाज नाही. ती ओळखणे हेही कौशल्यच. मात्र खिडकीवर दुसरा कोणी असता तर?