पंधरा ऑगस्टच्या तयारीबद्दल

चि. मन्या,



तुझा फोन आला तेव्हा घरात पाहुणे होते, म्हणून नीट बोलता आले नाही. मुख्याध्यापकांनी पंधरा ऑगस्टचा सगळा कार्यक्रम तुझ्यावर सोपवला हे ऐकून फार बरे वाटले. प्रभातफेरी, कवायत, लेझीम, खाऊ, ग्रामपंचायतीचा झेंडा आधी की शाळेचा, हे सगळे तुझे सहकारी तुला सांगतीलच. मला बोलायचे आहे ते राष्ट्रगीताबद्दल. तू म्हणालास, राष्ट्रगीताची काळजी नाही, मोठा स्पीकर भाड्याने आणून मोबाइलवरून लावून देऊ.

तसे करू नकोस. त्या दिवशी शाळेत जे घडते ते बहुतेक मुले नुसती बघतात किंवा ऐकतात. झेंडा एकाच्या हातून वर जातो, भाषण पाहुणे करतात, नाचात निवडलेली मुले असतात. पहिलीतले पोर, सातवीतली मुलगी, पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, कुंपणापाशी थांबलेले पालक, या सगळ्यांनी मिळून एकाच वेळी करायची गोष्ट एकच, ती म्हणजे राष्ट्रगीत म्हणणे. तेवढेही स्पीकरकडे दिलेस, तर गावाच्या वाट्याला नुसते उभे राहणे उरते. स्वातंत्र्यदिनाचा सगळा डोलारा त्या मिनिटभरावर उभा आहे, असे मी मानते.

हे गाणे गळ्यातून गळ्यात गेलेले आहे. २७ डिसेंबर १९११ रोजी कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात ते पहिल्यांदा म्हटले गेले. पुढे १९४७ मध्ये, १४ ऑगस्टच्या रात्री संविधान सभा भरली तेव्हा सुरुवातीला सुचेता कृपलानींनी वंदे मातरम् म्हटले आणि शेवटी ‘सारे जहाँ से अच्छा’ आणि ‘जन गण मन’ यांचे आरंभीचे चरण. त्या रात्री देशाला अधिकृत राष्ट्रगीत नव्हते. स्वातंत्र्य आधी आले, गाण्याचा निर्णय मागून, जवळजवळ अडीच वर्षांनी. मुलांना हे सांग. पहिल्या पंधरा ऑगस्टला कुठले गाणे म्हणायचे हे कुणी ठरवून दिलेले नसतानाही लोक गायलेच, ही गोष्ट त्यांना आवडेल.

निवड कशी झाली तेही तुला माहीत असू दे, कारण वरच्या वर्गातली मुले विचारतील. १९४७ मध्येच न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी आपल्या शिष्टमंडळाला विचारणा झाली, की वाद्यवृंदाने तुमच्या देशाचे कोणते गीत वाजवायचे? त्यांच्याजवळ ‘जन गण मन’ची तबकडी होती, ती त्यांनी दिली. वाद्यवृंदाने ते बसवून वाजवले, आणि इतर देशांच्या प्रतिनिधींनी त्या सुरावटीची स्वरलिपी मागितली. पंडित नेहरूंनी २५ ऑगस्ट १९४८ रोजी सभागृहात ही हकिकत सांगितली. वाद्यवृंदावर आणि लष्करी बँडवर कोणते गीत चांगले वाजते, हा त्या वेळी मोठा मुद्दा होता. आपल्या मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांनी वंदे मातरम् बँडवर वाजू शकते हे दाखवण्यासाठी खास चाल बांधली, त्यासाठी दिल्लीच्या वाऱ्या केल्या आणि ती ऐकवली. एका गवयाने पदरमोड करून, आपली कला पणाला लावून देशाच्या गाण्यासाठी केलेली ही खटपट मला फार मोठी वाटते. त्यांचे म्हणणे मान्य झाले नाही म्हणून ती लहान होत नाही. तुझ्या मुलांना त्यांचे नाव कळायला हवे.

अखेर २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेच्या अखेरच्या बैठकीत राजेंद्रप्रसादांनी निवेदन केले: ‘जन गण मन’ राष्ट्रगीत, आणि स्वातंत्र्यलढ्यात मोठे काम केलेल्या वंदे मातरम्‌ला त्याच्या बरोबरीचा मान. मतदान झाले नाही. त्याच दिवशी सदस्यांनी संविधानाच्या प्रतींवर सह्या केल्या. आणि मग काय झाले? पूर्णिमा बॅनर्जी आणि इतर सदस्यांनी उभे राहून ‘जन गण मन’ म्हटले, लक्ष्मीकांत मैत्र आणि इतरांनी वंदे मातरम्. वाद्यवृंदाचा विचार करून निवडलेले गाणे शेवटी त्या मंडळींनी आपल्या आवाजात म्हटले. त्यांत गवई किती असतील? वकील, कार्यकर्ते, तुरुंगातून आलेली माणसे. त्यांना लाज वाटली नाही, तर तुझ्या शाळेतल्या शिक्षकांनी ओठ मिटून का उभे राहावे?

आता तो निरोप. हे गाणे पंचम जॉर्जच्या स्वागतासाठी लिहिले, असे कुणीतरी गटात पाठवले आणि तू गोंधळलास. राजा त्या डिसेंबरात हिंदुस्थानात होता, दिल्लीत दरबार भरला होता, हे खरे. वंगभंग रद्द केल्याबद्दल त्याचे आभार मानणारा ठराव त्या अधिवेशनात होता आणि त्याच्या स्तुतीचे एक वेगळे हिंदी गाणेही त्याच दिवशी म्हटले गेले. इंग्रजी वर्तमानपत्रांनी दोन्हींची सरमिसळ केली आणि ती चूक शंभर वर्षे फिरते आहे. १९३७ मध्ये रवींद्रनाथांनी स्वतः पत्र लिहून स्पष्ट केले, की युगानुयुगे माणसांचा रथ हाकणारा तो सारथी कुणी जॉर्ज असूच शकत नाही. ज्या माणसाने जालियनवाला बागेनंतर ‘सर’ किताब परत करायचे पत्र लिहिले, त्याच्याबद्दल आपण असे निरोप पुढे ढकलावेत हे मला सहन होत नाही. शिक्षक म्हणून तू ते तिथेच थांबव.

शिकवण्याबद्दल. आपण म्हणतो ते मूळ कवितेचे पहिले कडवे. कविता पाच कडव्यांची आहे. पहिल्यात प्रांत आहेत, पर्वत आणि नद्या आहेत. वर्गात नकाशा लाव आणि एकेका नावावर बोट ठेवत जा. कुणीतरी विचारेल, सिंध तर पाकिस्तानात आहे. तो प्रश्न टाळू नकोस. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या माणसांना कल्याणजवळच्या जुन्या लष्करी छावणीत ठेवले, त्या वस्तीचे १९४९ मध्ये उल्हासनगर झाले. जमीन पलीकडे राहिली, माणसे आपल्याकडे आली, त्यांची भाषा आणि गाणी आली. गीतातून ते नाव काढावे अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती, २००५ मध्ये ती फेटाळली गेली. सहावी-सातवीच्या मुलांना दुसऱ्या कडव्याचा अर्थही सांग. त्यात हिंदू, बौद्ध, शीख, जैन, पारशी, मुसलमान, ख्रिस्ती अशा सगळ्यांना एकत्र बोलावले आहे. ते कडवे आपण म्हणत नाही, पण पहिल्याच्या मागे ते उभे आहे हे मुलांना माहीत असावे.

गाताना होणारी मोठी चूक म्हणजे पट्टी. कुणीतरी उत्साहाने उंच सुरात सुरू करतो आणि शेवटच्या जयघोषाला मुले किंचाळतात. चाल मंद्र निषादाला स्पर्श करून तार षड्जापर्यंत जाते, आणि तो तार षड्ज येतो नेमका जयघोषात. म्हणून पेटीवर काळी दोनचा सा आधी दे, मुलांकडून तो गुणगुणून घे आणि मग ‘राष्ट्रगीत शुरू कर’ची आज्ञा होऊ दे. ठरलेला वेळ सुमारे ५२ सेकंद आहे. बहुतेक शाळांत ते रेंगाळते, कारण प्रत्येक ओळीनंतर सगळे एकमेकांसाठी थांबतात. रोज परिपाठाला घड्याळ लावून म्हणून घेतलेस तर पंधरवड्यात बसेल. लहानांना मोठ्या मुलांच्या मध्ये उभे कर, ती ऐकून शिकतात. जोडाक्षरे फळ्यावर लिहून, तोडून म्हणून घे. राज्यगीताचा सराव वेगळा ठेव, नाहीतर दोन्हींच्या पट्ट्या मिसळतात.

शेवटचे, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचे. तू म्हणालास, सातवीतली एक मुलगी परिपाठाला तोंडच उघडत नाही आणि तुझे एक सहकारी तिला सर्वांसमोर एकटीला म्हणायला लावणार आहेत. ते होऊ देऊ नकोस. केरळमध्ये १९८५ मध्ये तीन भावंडांना शाळेतून काढले होते. ती राष्ट्रगीताला रोज शांत उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत शाळेत घ्यायला लावले. आदराने उभे राहणे हाही मानच आहे, आणि कुणी गायलेच पाहिजे अशी सक्ती करणारा कायदा नाही, असे न्यायालय म्हणाले. १९७१ च्या कायद्यात शिक्षा आहे ती गाणाऱ्यांना मुद्दाम अडवणाऱ्याला, गाणे चालू असताना गोंधळ घालणाऱ्याला. निकालाची तारीख बघ, स्वातंत्र्यदिनाच्या चार दिवस आधीची. कुणाचे ओठ हलतात, कुणाचे नाहीत, हे तपासत फिरणारा शिक्षक त्या वेळी स्वतः गात नसतो.

त्या मुलीला बाजूला घेऊन बोल. तिला शब्द येत नसतील. ऊसतोडीच्या हंगामात ती आईबापांबरोबर सहा महिने बाहेर असते असे तूच सांगितलेस, मग परिपाठ तिला मिळाला कधी? की तिला आवाजाची लाज वाटते, की घरात काही घडले आहे? काय ते कळव. शब्द येत नसतील तर पेटीजवळ तुझ्या शेजारी तिला उभी कर आणि हळू म्हणू दे. यायला पंधरा ऑगस्ट उलटून गेला तरी चालेल.

फेरीला निघण्याआधी मुलांना काहीतरी खायला घाल, उपाशी पोटी उभी राहिलेली मुले पडतात. पाऊस आला तर व्हरांड्यात दाटीवाटीने उभे राहून म्हणा, आवाज उलट चांगला लागतो. दादाला आणि वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
आत्या