केकवरची चारोळी



नाताळच्या विक्रीसाठी वसतिगृहातील मुलींना फळांचा केक शिकवायचे आमच्या भगिनी मंडळाने ठरवले. त्यातला सजावटीचा तास माझ्याकडे आला. मुली बहुतेक गडचिरोली जिल्ह्यातील माडिया गोंड घरांतल्या. मी शिकवायला गेले होते, पण त्या दिवशी मलाच एक धडा मिळाला. तो धडा आणि सजावटीची रीत, दोन्ही आज सांगते.

पहिल्या दिवशी माझी चूक झाली. स्कॉटलंडमधल्या डंडी केकवर सोललेले बदाम कच्च्या मिश्रणावरच गोलाकार लावून केक भाजतात, हे मला ठाऊक होते. त्याच समजुतीने मी तीन केकवर काजू, बदाम आणि भरपूर चारोळी पसरली आणि केक ओव्हनमध्ये ठेवले. फळांचा केक मंद आचेवर दोन-अडीच तास भाजावा लागतो. बदाम जाड असतो, वरून कागद झाकला तर तेवढी आच सोसतो. चारोळीचा दाणा मसुरीएवढा आणि तेलकट. तो काळा पडून कडू झाला. जोराने दाबलेले काजू मिश्रणात बुडाले. मी वरचा थर सुरीने खरवडून डब्यात टाकू लागले.

तेव्हा नववीतली एक मुलगी हळूच म्हणाली, “बाई, एवढी चारोळी काढायला माझ्या आईला अर्धा दिवस लागतो.”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मी सुरी खाली ठेवली आणि तिला सगळे विचारले. एप्रिल-मे महिन्यांत चाराची फळे पिकतात. पहाटे रानात जाऊन ती वेचायची. वरचा गोड गर मुले खातात. मग बिया भिजवून, चोळून, धुऊन वाळवायच्या. टणक कवच जात्यावर बेताने भरडायचे, कारण जोर जास्त झाला तर आतल्या दाण्याचा चुरा होतो. शेवटी सुपाने पाखडायचे. बियांच्या ढिगाच्या मानाने दाणे थोडेच निघतात. “आणि आपण फळ पिकायची वाट पाहिली तर दुसरे कोणी कच्चेच तोडून नेते,” असेही ती म्हणाली.

इतकी वर्षे मी दुकानातून चारोळी आणत होते. ती कोणी वेचली, हे कधी विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही नव्याने सुरुवात केली. या वेळी केक आधी भाजला आणि सजावट नंतर केली. रीत अशी:

१. केक रात्रभर पूर्ण थंड होऊ द्यावा. वरचा भाग फुगलेला असेल तर केक उलटा ठेवावा, म्हणजे सपाट बाजू वर येते.

२. प्रत्येक जिन्नसातला एक दाणा चाखून पाहावा. काजू, अक्रोड, चारोळी यांत तेल असते, त्यामुळे जुना माल खवट होतो. एक खवट दाणा सगळा घास बिघडवतो.

३. बदाम गरम पाण्यात थोडा वेळ ठेवून सोलावेत व कोरडे करावेत. काजू-बदाम मंद आचेवर हलके भाजावेत. चारोळी वेगळी भाजावी. तिला दोन-तीन मिनिटे पुरतात आणि तेवढा वेळ तव्यापासून हलू नये.

४. केकच्या भांड्याचा गोल कागदावर आखून नक्षी आधी त्यावर मांडावी. आठ इंची केकला सुमारे १५० ते २०० ग्रॅम काजू, बदाम व अक्रोड मिळून पुरतात. चारोळी दोन चमचे बास. केकचे किती तुकडे करायचे ते याच वेळी ठरवून सुरीसाठी वाट मोकळी ठेवावी.

५. तीन मोठे चमचे जर्दाळूचा जॅम एक चमचा पाण्यात गरम करून गाळावा व ब्रशने केकवर लावावा. जॅम कोमट आहे तोवर कडेपासून आत यावे: काजूचे कडे, मग बदामाचे, मधोमध अक्रोड. शेवटी फटींत चारोळी.

६. वरून जॅमचा आणखी एक पातळ हात फिरवावा. त्याने दाणे चिकटून राहतात, चमक येते आणि ते लवकर सादळत नाहीत. चार-पाच तास सुकल्यावरच केक गुंडाळावा.

विक्रीला ठेवताना केकमध्ये कोणकोणता सुकामेवा आहे ते चिठ्ठीवर ठळक लिहावे. काहींना त्याची तीव्र ॲलर्जी असते आणि ती जिवावर बेतू शकते.

कागदावरची मांडणी त्या मुलीनेच केली. तिने दाणे एकेक करून ठेवले, एकही सांडला नाही. जे हात चारोळी फोडायला शिकले होते, त्यांना ती जपून वापरायला मी वेगळे काय शिकवणार!

पुढच्या हंगामात आम्ही तिच्या गावातील बायकांकडूनच चारोळी घेतली, आणि दुकानात जो भाव देत होतो तोच त्यांच्या हाती दिला. हे उपकार म्हणून केले नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने पात्र वननिवासींचा गौण वनोपजावरील मालकी हक्क मान्य केला आहे. चारोळी ही त्यांचीच वस्तू आहे, आणि भाव ठरवताना त्यांचा शब्द असायला हवा.

या नाताळात केक सजवाल तेव्हा शेवटची मूठ सहज उधळू नका. ती चारोळी कोठून आली, हे दुकानदाराला एकदा विचारा. वनोपज विकणारा आदिवासी महिलांचा बचत गट जवळपास असेल तर तेथून घ्या आणि घासाघीस करू नका. त्या दोन चमच्यांत कुणाच्या तरी आईचे कष्ट आहेत.