चित्र ऑनलाइन टाकताय? आधी खर्च मांडा

इन्स्टाग्रामवर चित्र टाकायला काही पडत नाही. पैसे जातात ते पुढे: नोंदणी, पॅकिंग, कुरिअर, कमिशन, जाहिरात. आणि एक नुकसान कुठल्याच पावतीवर येत नाही. चित्र हजार मोबाइलवर फिरतं आणि त्यावरचं तुमचं नाव वाटेत कुठेतरी गळतं. म्हणून सुरुवात नावापासून.

सही अगदी कोपऱ्यात करू नका. कोपरा कापला की सही गेली. थोडी आत घ्या. ऑनलाइन छोटी प्रत टाका, साधारण 1080 पिक्सेल रुंदीची. मोठी फाइल स्वतःकडेच ठेवा. काम चालू असताना दोन-तीन फोटो काढून ठेवा, तारखेसकट. वाद झाला तर हाच पहिला पुरावा, आणि तो फुकट आहे.

कॉपीराइट चित्र काढल्याबरोबर मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. पण एखादं चित्र छापलं जाणार असेल किंवा त्याची नक्कल होतेय असं दिसलं, तर नोंदणी करा. कॉपीराइट कार्यालयाच्या सरकारी संकेतस्थळावर फॉर्म 14 भरायचा. शुल्क एका चित्राला 500 रुपये. चित्र मालावर वापरायचं असेल, म्हणजे लेबल, वेष्टन वगैरे, तर 2000 रुपये, शिवाय ट्रेडमार्क कार्यालयाचं शोध प्रमाणपत्र, त्याचं शुल्क वेगळं. लागतं काय? ओळखपत्र, चित्राच्या प्रती, दुसऱ्या कुणी प्रकाशित केलं असेल तर त्याचं ना-हरकत पत्र, वकिलामार्फत अर्ज असेल तर अधिकारपत्र. अर्जानंतर हरकतींसाठी 30 दिवस थांबावंच लागतं. प्रमाणपत्र हातात यायला त्यापुढे काही महिने धरा. ‘आठ दिवसांत करून देतो’ म्हणणारा एजंट याच रांगेत उभा राहतो, फक्त तुमच्या पैशांनी.

आता सगळ्यात महागात पडणारी गोष्ट. पैसे घेऊन ऑर्डरप्रमाणे चित्र काढून दिलं आणि लेखी काहीच ठरलं नाही, तर कायद्याने त्याचा कॉपीराइट ऑर्डर देणाऱ्याकडे जातो. उद्या त्याने त्याचे टी-शर्ट छापले तर तुम्हाला काही मिळत नाही. म्हणून आगाऊ रक्कम घेण्याआधी लेखी ठरवा: मूळ चित्र तुमचं, प्रतिमेचे हक्क माझ्याकडे, वापर अमुक कामापुरता, माझं नाव अमुक जागी. समोरच्याची सही घ्या. उलट, हक्कच विकायचे असतील तर मुदत आणि प्रदेश लिहा. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नाही तर भारत, असं कायदा धरून चालतो. हक्क विकले तरी चित्रकार म्हणून नाव लावण्याचा अधिकार तुमच्याकडेच राहतो.

तुम्ही स्वतः दुसऱ्याचं चित्र टाकत असाल तर ‘इंटरनेटवरून साभार’ हे श्रेय नव्हे. गुगल लेन्स किंवा टिनआयवर चित्र शोधा, सर्वांत जुनी नोंद पाहा, सही मोठी करून वाचा. पाच मिनिटांचं काम. हातात दिवा धरलेल्या बाईचं ते प्रसिद्ध जलरंगातलं चित्र राजा रविवर्म्याच्या नावाने सर्रास फिरतं. ते सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं आहे आणि म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. इथे दुसरीही मेख आहे. रविवर्मा 1906 मध्ये गेले, त्यांची चित्रं केव्हाच मुक्त झाली. हळदणकर 1968 मध्ये गेले. कॉपीराइट मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो, म्हणजे 2028 अखेरपर्यंत. नाव बरोबर लिहिलंत तरी छापायला परवानगी लागतेच. श्रेय दिलं म्हणून परवानगी मिळाली असं होत नाही.

श्रेयाची ओळ अशी: चित्रकाराचं नाव, चित्राचं नाव, वर्ष, माध्यम, खात्याचा टॅग. ती मजकुराच्या पहिल्या ओळीत हवी. हॅशटॅगच्या गर्दीत किंवा कमेंटमध्ये नको. आणि नुसतं ‘वारली चित्र’ लिहून थांबू नका. ते काढणाऱ्या माणसाला नाव असतं, ते विचारा.

प्रेक्षक कुठे शोधायचे? एक इन्स्टाग्राम खातं, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा कॅटलॉग आणि ग्राहकांच्या ईमेलची यादी, एवढ्याने सुरुवात होते, आणि तिन्ही फुकट. ‘बूस्ट’ लगेच दाबू नका. जाहिरातीच्या रकमेवर 18 टक्के जीएसटी लागतो, आणि आयफोनच्या ॲपमधून बूस्ट केलंत तर ॲपलचं 30 टक्के शुल्क वर. ब्राउझरमधून केलंत तर हे दुसरं वाचतं. स्वतःची वेबसाइट हवीच असेल तर डोमेनचा पहिल्या वर्षाचा भाव पाहू नका, नूतनीकरणाचा पाहा.

विकायला एट्सीवर जाणार असाल तर एका नोंदीला चार महिन्यांसाठी 20 सेंट, विक्रीवर 6.5 टक्के, आणि हे टक्के टपालखर्चावरही लागतात. पैसे वळते करण्याचं शुल्क वेगळं. बाहेरच्या जाहिरातींतून विक्री झाली तर आणखी 15 टक्के. हा पर्याय आधीपासून सुरू असतो. छोट्या विक्रेत्याला सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतो. पहिल्याच दिवशी करा. हस्तकला कारागीर असाल तर सरकारी ‘पहचान’ कार्ड काढा. हातमाग आणि हस्तकलेच्या ‘इंडियाहँडमेड’ पोर्टलवर कमिशन नाही. देशातल्या ओळखीच्या ग्राहकाकडून थेट यूपीआय घेतलं तर टक्का कुणालाच जात नाही.

कुरिअर हा खरा खड्डा. कुरिअरवाले वजन काट्यावर कमी, टेपवर जास्त करतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणा, 5000 ने भागा. फ्रेम केलेल्या चित्राचं खोकं 75 बाय 60 बाय 10 असेल तर 9 किलोचं भाडं, आत चार किलो असले तरी. तेच चित्र गुंडाळून 90 बाय 10 बाय 10 च्या नळीत घातलं तर 1.8 किलो. फ्रेम ग्राहकाला त्याच्या गावात करू द्या. काच पाठवूच नका.

सापळे थोडे, पण ठरलेले. ‘परदेशी प्रदर्शनासाठी निवड झाली, सहभाग शुल्क भरा’ असं अनोळखी ईमेल आलं तर उत्तर देऊ नका. ‘तुमचं चित्र एनएफटी (डिजिटल मालकीची नोंद) म्हणून मोठ्या रकमेला घेतो, आधी गॅस फी (व्यवहाराचं शुल्क) भरा’ हेही तसलंच. ग्राहक म्हणवणाऱ्याने क्यूआर कोड पाठवला तर लक्षात ठेवा: पैसे घ्यायला पिन लागत नाही.

चित्र चोरीला गेलंच तर आधी दुव्यासकट स्क्रीनशॉट, मग संबंधित ॲपच्या कॉपीराइट फॉर्मवर तक्रार. वकील लागत नाही, शुल्क नाही. लेखी तक्रारीनंतर 36 तासांत मजकूर हटवण्याची तरतूद भारतीय नियमांत आहे. मात्र 21 दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर हटवलेला मजकूर पुन्हा दिसू शकतो. सही किंवा नाव जाणूनबुजून पुसणं हा वेगळा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैदेचा. हे तक्रारीत जरूर लिहा. पैशांची फसवणूक झाली असेल तर त्याच तासात 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.